साखराबाईची जामिनकी

धर्मापुरीत साखराबाई धनगरणीसमोर आवाज चढवायची छाती फक्त तिच्या मेंढ्यांची. त्यासुद्धा लांबूनच ओरडायच्या. राज्य निजामाचं, पण आमच्या गल्लीत हुकूम तिचा. अशा बाईचा जीव अडकला होता सतरा वर्षांच्या पोरक्या भाच्यात, म्हाळूत. त्याच्या डोक्यात अधूनमधून गलका उठायचा. मग तो दिसेल त्या जनावराची घंटा सोडून आपल्या एडक्याच्या गळ्यात बांधायचा आणि त्या किणकिणाटात डोळे मिटून शांत बसायचा. एडका नवरदेवासारखा मिरवायचा.

एकदा आप्पाराव पाटलाची गुरं बिनघंटीची झाली आणि माळावर पांगली. पाटलानं अंबाजोगाईला फिर्याद ठोकली. आता पोराला तीन महिने कैद, असं गाव म्हणू लागलं. साखराबाईला पक्कं ठाऊक होतं, बंद कोठडीत तो गलका पोराला खाऊन टाकील. तिनं घंट्या पोत्यात भरल्या आणि भाच्याला घेऊन कचेरी गाठली.

"डोक्यात गलका? नुस्तं सोंग हाय, सरकार!" पाटील कडाडले.

तहसीलदारसाहेबांनी विचारलं, "बाई, पोरगा पागल आहे का चोर?"

"दोनी न्हाई, सायेब. चोरानं घंट्या इकल्या असत्या. आन् पागल म्हनत असाल, तर त्याला पाठमोरा करा आन् एकेक वाजवा."

चपराशानं एक वाजवली.

"पाटलांचा ढवळ्या," म्हाळू म्हणाला.

दुसरी वाजली. "कपिला गाय. हिची घंटा चिरलीय."

तिसरी वाजली. "ही आसाराम तेल्याच्या बैलाची. पाटलांनी पोळ्याला मागून नेली, दिलीच न्हाई."

कचेरी खदखदून हसली. पाटलांना खोकला आला.

साहेबांनी मिशीत हसू दाबून हुकूम लिहवला. कैद नाही. म्हाळूनं तीन महिने पाटलांची गुरं राखावी, जामीन साखराबाई. आणि पोराच्या डोक्यात गलका उठला, की फिर्यादी पाटलांनी स्वतः त्याच्या हातात घंटा द्यावी.

"सजा पोराला हाय का मला?" पाटील पुटपुटले.

तीन महिन्यांत एकही वासरू हरवलं नाही. पाटील मात्र बंडीच्या खिशात घंटा घेऊन हिंडायचे. पाटलीणबाई विचारायच्या, "आज तुमाला कोन चारायला नेनार?"

मुदत सरली त्या सकाळी पाटील साखराबाईच्या अंगणात हजर.

"साखरे, सजा म्हैनाभर वाढवून मिळंल का गं?"

"मिळंल की! पर गुन्ह्याबिगर कशी वाढंल?" साखराबाईनं कंबरेवर हात ठेवले. "आसारामाची घंटा दिली का वापस?"

पाटील "दिली, दिली" म्हणत वळले आणि त्यांच्या खिशात ती किणकिणली.