दोघींत एक चष्मा

सुमनच्या मुठीतली गोळ्यांची पट्टी सोडवून मी वाचली, तेव्हा चष्मा माझ्याच नाकावर होता. ती चुलीपाशी आडवी पडली होती, अंग घामाने भिजलेलं. हाक मारली, ओ नाही. पट्टी साखरेच्या आजारावरच्या गोळ्यांची होती, त्या सकाळीच उघडलेली. तिच्यातल्या दोन गोळ्या गेल्या होत्या. प्रेशरची पट्टी फळीवर तशीच, एकही गोळी न फोडलेली. रोज एक साखरेची आणि एक प्रेशरची घ्यायची. तिने दोन्ही साखरेच्याच घेतल्या, आणि सोमवार म्हणून पोटात अन्न नव्हतं. शेजारच्यांनी जीप काढली. मुरबाडला पोचायच्या आधीच ती गेली...

सुमन माझी धाकटी जाऊ. घराची वाटणी झाली तेव्हा मध्ये भिंत आली, पण विरजण, विस्तव द्यायला आम्ही भिंतीत हातभर खिडकी ठेवायला लावली. चष्मा मुरबाडच्या बाजारातला, हातगाडीवरचा. नंबर कोण तपासतो? एसटीचं तिकीट धरून बघितलं. तिला आकडे दिसले, मलाही दिसले. मग दोन कशाला, असं मीच म्हटलं. सकाळी तांदूळ निवडून होईपर्यंत चष्मा माझा, मग खिडकीतून तिच्याकडे. ती गोधड्या शिवायची. चष्म्याची एक काडी मोडली तेव्हा तिनेच गोधडीच्या लाल दोऱ्याने बांधली. मी चौथी शिकलेली, ती दुसरी. मी पेपर घेऊन बसले की पलीकडून म्हणायची, "सगळा पेपर पाठ करतेस का गो? तुझ्या नाकाला वळ पडला, माझ्या नाकानं नुसती वाटच बघायची."

त्या सकाळीही तिने खिडकीतून हात घातला.

"बाय, चष्मा दे गो. प्रकाशनं नव्या गोळ्या आणल्यात. दोनी पट्ट्या सारख्याच दिसतात."

"थांब. एवढं सूप होऊ दे."

"तुझे तांदूळ काय पळून चाललेत?"

"तुझ्या गोळ्या तरी कुठं पळतात?"

ती हसली. जरा वेळ हात तसाच होता. मग म्हणाली, "राहू दे, घेते अंदाजानं."

ते मी ऐकलं. सूप खाली ठेवलं नाही. उलट आणखी दोन ओंजळी तांदूळ घेतले, आता चष्म्याची घाई नाही म्हणून.

लोक म्हणतात, तुझा काय दोष. म्हणू देते. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही. तेराव्याचा भात मीच रांधला. प्रकाश, तिचा मुलगा, वाशिंदला कंपनीत आहे. दहाव्याला त्याने विचारलं, "काकी, पिंडाजवळ चष्मा ठेवायचा का? आईचा जीव अडकला असंल त्याच्यात."

"नाय," मी म्हटलं. "मला लागतो."

सगळं त्याला तेव्हाच सांगितलं, खिडकीतल्या हातासकट. परवा येऊन मला नवा चष्मा देऊन गेला, नंबरही नंतर तपासून घेऊ म्हणाला. तो चष्मा डब्यातच आहे.

जुना दिवसभर माझ्याकडेच असतो आता, मागायला कोणी नाही. तरी तांदूळ झाले की मी तो काढून खिडकीत ठेवते. दुपारी पेपर आला की तिथूनच उचलते. लाल दोरा कानामागे टोचतो.

सुमन माझ्याहून सहा वर्षांनी लहान होती. मी अजून आहे.