भावंडे : नाही

दर शनिवारी दुपारी कल्याणच्या एका शाळेत, तळमजल्यावरच्या खोलीत, मी दिव्यांग मुलांच्या पालकांचा वर्ग घेते. मुलांना शिकवायला शाळा आहे, पण आईबापांना कोण शिकवणार? उदाहरणार्थ, शर्टाचं बटण लावायला शिकवताना आधी मुलाचा हात धरायचा, काही दिवसांनी मनगट, मग नुसतं कोपर, आणि शेवटी पाठीमागे गप्प उभं राहायचं. हे गप्प उभं राहणं आयांना मेलं जमतच नाही. मलाही जमायला चार वर्षं लागली. माझी मुलगी सव्वीस वर्षांची आहे, तिला डाउन सिंड्रोम आहे, आणि ती स्वतःचे केस स्वतः विंचरते. भांग वाकडा पडतो. पडू दे की, कुणाच्या बापाचं काय जातंय!

वर्गाचा पहिला नियम मी केलेला. नवीन पालकाने उभं राहायचं आणि मुलाचं नाव, वय आणि त्याला काय आहे ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. लोक नाव मोठ्याने सांगतात आणि पुढचं पुटपुटतात. मी परत सांगायला लावते. आंबिवलीहून एक बाई यायला लागली, तिचा मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न. पहिल्या दिवशी ती तीनदा उठली आणि तीनदा रडून खाली बसली. घरात कार्य निघालं की सासू मुलाला शेजाऱ्यांकडे ठेवायला लावायची आणि ही ठेवायची. मी तिला सगळ्यांदेखत झापलं. म्हटलं, तुम्हीच त्याला लपवलंत तर जगाने त्याला आपला का म्हणावं? दोन महिन्यांनी ती त्याला घेऊन नणंदेच्या घरी बारशाला गेली. परत आल्यावर माझे दोन्ही हात धरून कितीतरी वेळ उभी होती. मला तेव्हा काय भारी वाटलेलं, काय सांगू.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. वर्ग सुटला होता, मी सतरंज्यांच्या घड्या घालत होते आणि माझी मुलगी नेहमीप्रमाणे खिडक्या लावत होती. आंबिवलीची बाई मागे थांबली. तिच्या बहिणीची मुलगी ठाण्याला कोपरीत राहते, तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. एक बायोडेटा आलाय, तेवढा बघा, म्हणून तिने फोन माझ्या हातात दिला.

वर गणपती आणि खाली माझा मुलगा. मावसभावाच्या लग्नातला फोटो, तो कोट मीच पसंत केलेला. जन्मवेळ, रास, उंची, घोडबंदरच्या कंपनीतली नोकरी, डोंबिवलीत स्वतःचा फ्लॅट. वडील निवृत्त बँक अधिकारी. आई गृहिणी, आणि दिव्यांग मुलांच्या पालकांची मार्गदर्शक. त्याच्या खालची ओळ होती, भावंडे : नाही.

मी ती ओळ दोनदा वाचली. माझं काम मिरवायला ठेवलं होतं, आणि ते काम जिच्यामुळे सुरू झालं तिला पुसून टाकलं होतं. ती माझ्यापासून चार पावलांवर खिडकीची कडी लावत होती.

बाईचा आवाज चढला नाही. "ताई, तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाली.

आणि मी काय केलं? खोटं बोलले. विवाह मंडळाच्या टायपिंगची चूक असेल, हे लोक काहीही छापतात, घरी जाऊन बघते, असं फडाफडा बोलून गेले. तिला पटलं की नाही कोण जाणे. तिने मान डोलावली आणि पर्स उचलून निघून गेली.

रिक्षात माझी मुलगी करवलीच्या साडीबद्दल बोलत होती. दादाच्या लग्नात आपण करवली, हे तिने दोन वर्षांपासून ठरवून टाकलंय. तांब्यावर नारळ ठेवून ती हॉलभर चालायचा सराव करते आणि नारळ पडला की मलाच ओरडते. हिरवी साडी की जांभळी, असं तिने विचारलं. मी जांभळी म्हटलं.

घरी आल्याआल्या तिला टीव्हीसमोर बसवलं, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि ह्यांना विचारलं. ह्यांनी लपवलं नाही. बायोडेटा ह्यांनीच टाइप केला होता. आधीच्या तीन स्थळांनी बहिणीचं ऐकलं आणि पुन्हा फोन केला नाही, म्हणून ती ओळ बदलली. समोरासमोर भेट झाली, माणसं चांगली वाटली, की सांगणारच होतो म्हणाले. सव्वीस वर्षं तिला पाळण्यापासून फिजिओथेरपीपर्यंत माझ्या बरोबरीने वाढवणारा हा माणूस! बाहेरच्या कुणी केलं असतं तर मी त्याच्या दारात जाऊन तमाशा केला असता. इथे घरातल्यांनीच केसाने गळा कापला होता, मी भांडायला जाणार कुठे?

संध्याकाळी मुलगा आला. त्याला ठाऊक होतं. मी खूप बोलले, नको ते बोलले, त्याच्या लहानपणापासूनचं सगळं काढलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाला, "आई, वर्गात तूच सांगतेस ना, भावंडांवर ओझं टाकू नका म्हणून?"

सांगते, अगदी खरं. दरवर्षी सांगते. धडधाकट मुलाकडून मी सांभाळीन असं वदवून घेऊ नका, त्याला त्याचं आयुष्य आहे. टाळ्यासुद्धा पडतात. पण आपला मुलगा न सांगता बहिणीचं करेल, हे मी मनात धरूनच चालले होते. त्याला कधी विचारलं नाही आणि आमच्या पश्चात तिचं काय, याची एक काडीही इकडची तिकडे केली नाही. कशाला करू? दादा आहे ना. वर्गात एक सांगत होते आणि घरात दुसऱ्याच भरवशावर झोपत होते. हे कळलं तरी माझा राग काही गेला नाही. जबाबदारी नको असेल तर नको म्हणावं. पण बहीणच नाही म्हणावं? जिने ह्याच्या प्रत्येक परीक्षेला देवापुढे ह्याच्यापेक्षा जास्त वेळ हात जोडले, तिला?

मी एवढंच सांगितलं की आत्ताच्या आत्ता बायोडेटा दुरुस्त करून कोपरीला पाठव, नाहीतर मी स्वतः फोन करते. त्याने तिथेच बसून दुरुस्त केला आणि पाठवला म्हणाला. मी बघायलासुद्धा मागितला नाही.

पुढच्या शनिवारी आंबिवलीची बाई सगळ्यांच्या आधी येऊन बसलेली. चेहरा खुललेला. वर्ग सुरू व्हायच्या आत तिने सगळ्यांसमोर माझी माफी मागितली. ताईंवर मी उगाच शंका घेतली, खरंच टायपिंगची चूक होती, कोपरीच्या माणसांना स्थळ आवडलंय, म्हणाली. मग फोन काढून नवी ओळ मोठ्याने वाचली. "बहीण एक, दिव्यांग. तिच्या आयुष्यभराची व्यवस्था पालकांनी स्वतंत्रपणे केलेली आहे."

मुलाने बहीण लिहिली होती आणि त्याच ओळीत तिला घराबाहेरही काढलं होतं.

"ताई, कुठे केलीत व्यवस्था?" बाईने विचारलं. "आम्हालाही सांगा ना. आम्ही सगळे ह्याच काळजीत असतो."

मागून कुणीतरी तेच विचारलं. वह्या उघडल्या. वीस-बावीस जण पेन घेऊन माझ्याकडे बघत होते. माझी मुलगी दाराजवळच्या खुर्चीवर बसून हजेरीच्या कागदावर सह्या घेत होती.

मी म्हटलं, "कुठेही केलेली नाही. हे खोटं लिहिलंय. आणि गेल्या वेळी मी टायपिंगची चूक म्हटलं, तेही खोटं होतं."

बाईने फोन खाली ठेवला. माझ्याकडे बघेना. ते लग्न मी तिथेच मोडलं, हे मला कळत होतं, आणि मुलगा ते आयुष्यभर काढणार हेही कळत होतं. मग एका मुलीचे वडील, जे वर्गात कधी तोंड उघडत नाहीत, हळूच म्हणाले, "मग ताई, तुमच्यानंतर हिच्याजवळ कोण राहणार?"

मी तोंड उघडायच्या आत माझ्या मुलीने कागदावरून मान वर केली. "दादा," ती म्हणाली.