शुक्रवारचा कॉल आणि बाहेरचं साऊंड कार्ड

सीमाभागातल्या मैलूरमधला आमचा सायबर कॅफे बंद करून आता बरीच वर्षं झाली. भंगारवाला आला तेव्हा त्यानं सहाच्या सहा कॉम्प्युटर नेले, खुर्च्या नेल्या, यूपीएसच्या मेलेल्या बॅटऱ्यासुद्धा हसत हसत नेल्या. किस्से मात्र काट्यावर चढत नाहीत, ते माझ्याकडेच राहिले. दुकान बंद पडलं तरी ते काही कमी होईनात. चार मित्र जमले, चहा आला, की कुणीतरी म्हणतंच, "दिलीप, ते साऊंड कार्डचं सांग!"

साऊंड कार्डचं म्हणजे काही एक किस्सा नाही. दोन हजार नऊ-दहाचा सुमार असेल. त्या एका वस्तूपायी आम्ही अख्खा उन्हाळा घालवला.

आम्ही म्हणजे मी आणि माझा भागीदार शरणप्पा. शरणप्पाच्या घरी तीन पिढ्यांची डाळीची आडत. घरात कानडी, बाजारात मराठी आणि भांडताना दोन्ही. तिसरे इलियासभाई, रेडिओ दुरुस्त करता करता कॉम्प्युटरवर आलेले. ते भागीदार नव्हते, पण सल्ल्यात त्यांचा वाटा आमच्या दोघांपेक्षा मोठा होता.

*

आखातात सुट्टी शुक्रवारची. त्यामुळे शुक्रवारी दुपारी आमच्या कॅफेचं लग्नघर व्हायचं. कुणाचा नवरा दुबईत, कुणाचा भाऊ कतारमध्ये. इंटरनेटवरून कॉल लावून द्यायचा आणि आपण बाजूला व्हायचं, एवढंच आमचं काम. पण आमच्या कॉम्प्युटरमधून माणसाच्या आवाजाबरोबर एक अखंड घरघर यायची. ऐकणारा कंटाळायचा, बोलणारा ओरडायचा, आणि शेजारचा किराणावाला सगळ्यांच्या घरच्या गोष्टी फुकटात ऐकायचा.

जवळच्याच कोळारच्या पलीकडच्या एका खेड्यातून म्हाळव्वा यायची. धनगराची बाई, हातभर हिरव्या बांगड्या, आवाज खणखणीत. तिचा मल्हारी मस्कतला. पहिल्याच दिवशी कॉल संपवून ती माझ्याकडे आली.

"अण्णा, माझं लेकरू पिठाच्या गिरणीत कामाला लागलंय का?"

"न्हाई अक्का, ऑफिसात हाय म्हणं की."

"व्हय, एसीत बसतंय. मग ही गिरणी कुणाची?"

म्हटलं, "आमची."

तिच्यासोबत तिचा नवरा बिराप्पा यायचा, पण तो कधी कॉम्प्युटरजवळ आला नाही. दाराजवळच्या बाकड्यावर खांद्यावर घोंगडं टाकून रस्त्याकडे तोंड करून बसायचा. मल्हारीनं "मी काय जन्मभर मेंढरामागं फिरणार न्हाई" म्हणून घर सोडलं होतं. त्या दिवसापासून, म्हणजे दोन वर्षं, बापानं लेकाशी एक अक्षर काढलं नव्हतं. हेडफोन पुढे केला तर मान फिरवायचा.

म्हाळव्वा मला एकदा हळूच म्हणाली, "अण्णा, तेवढा आवाज नीट येऊ द्या. बाकड्यापतोर गेला पायजे. बापाच्या कानावर लेकरू पडलं की बोलंल तो. दगुड न्हाई."

मला फार वाईट वाटलं. शरणप्पालाही वाटलं असावं, कारण तो खर्चाचं काही बोलला नाही, आणि शरणप्पाच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

*

इलियासभाईंनी पहिलं निदान केलं. कॅफेमागच्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे बघून म्हणाले, "अर्थिंग सूख गई मियाँ. रोज पानी डालो, नमक डालो."

झालं! शरणप्पा रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून यायचा आणि त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचा. वरून मूठभर मीठ. त्याचं काम शिस्तीचं.

आठव्या दिवशी बघतो तर खड्ड्यावर हळदीकुंकू! दहाव्या दिवशी जास्वंद. बाराव्या दिवशी मागच्या गल्लीतली एक म्हातारी नारळ घेऊन हजर. "हितं कोन देव निघालाय म्हणं?"

शरणप्पा खवळला. "आज्जी, आमच्यात असलं दगड-मातीला पूजत न्हाईत! लिंग गळ्यात असतंय आमचं!"

"मग रोज पानी कामून घालायलास?"

याला उत्तर होतं, पण अर्थिंग हा विषय म्हातारीला समजावायचा म्हणजे पंचाईत. शरणप्पानं रागारागानं पाणी घालणंच सोडलं. चार दिवसांत घरघर दुप्पट झाली. म्हातारी दारात येऊन म्हणाली, "बघा, कोपला का न्हाई?" आणि जाताना स्वतःच तांब्याभर पाणी ओतून गेली.

मी तुम्हाला खरं सांगतो, त्या दुपारी आवाज थोडा सुधारला!

*

पण थोडाच. मग इलियासभाई म्हणाले, यूएसबीवर चालणारं बाहेरचं साऊंड कार्ड घ्या. शरणप्पानं विचारलं, आतलं असताना बाहेरचं कशाला?

"अंदर क्या है देखो," इलियासभाईंनी कॉम्प्युटरची एक बाजू उघडून दाखवली. "पंखा चिल्लारा, डिस्क चिल्लारी, पावर सप्लाय चिल्लारा. इन के बीच में तुमारा साऊंड कार्ड बैठ को गाना गारा. कैसा गाना? उसकू बाहर निकालो!"

शरणप्पाला हे एकदम पटलं. त्याच्या घरी सोळा माणसं होती.

*

आम्ही दोघे हैदराबादला गेलो. दुकानदारानं काचेवर डझनभर डब्या मांडल्या. मी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत होतो. शरणप्पानं काहीच वाचलं नाही. प्रत्येक डबी तळहातावर घ्यायचा, डोळे मिटायचा, हात दोनदा खालीवर करायचा आणि खाली ठेवायचा. आडतीवर तूर घेताना असंच करतात.

शेवटी एक काळी डबी त्याच्या हातात थांबली. "ही. वजन हाय. वजन हाय म्हंजे माल हाय."

दुकानदारसुद्धा आदरानं बघायला लागला. आम्ही ती घेऊन आलो, जोडली, आणि घरघर होती तिथंच राहिली. उलट बारीक शिट्टी वाढली. इलियासभाईंनी न बोलता स्क्रू काढले. आत नखाएवढी एक चिप होती, आणि तिच्या शेजारी डिंकानं चिकटवलेला लोखंडाचा जाड तुकडा!

मी शरणप्पाकडे बघितलं. त्यानं तो तुकडा हातात घेतला, दोनदा खालीवर केला.

"लोखंड मात्र चांगलं हाय," तो म्हणाला.

*

वजनाचा चटका बसल्यावर शरणप्पा दुसऱ्या टोकाला गेला. आता त्यानं अंगठ्याएवढं, पिसासारखं हलकं साऊंड कार्ड आणलं. ते खरंच बरं होतं. घरघर निम्मी झाली. पण शुक्रवार उजाडायच्या आतच ते गायब! सगळ्या खुर्च्या हलवल्या, केरसुणी फिरवली, काही नाही. शरणप्पाचा गल्लीतल्या प्रत्येक माणसावर एकेकदा संशय घेऊन झाला.

दोन दिवसांनी कॉलेजचा एक पोरगा तणतणत आला. "अण्णा, तुमच्याकडचा पेन ड्राइव्ह चुकून माझ्याकडं आला, पण काय बोगस माल हो! दोन दिवस झाले, माझा बायोडाटा त्यात जाईनाच!" ढोसून ढोसून त्यानं साऊंड कार्डाची पिनच मोडून ठेवली होती.

त्या शुक्रवारी म्हाळव्वानं विचारलं, "आलं का यंत्र?" म्हटलं, आलं होतं अक्का, नोकरी शोधायला गेलं आणि पाय मोडून आलं.

ती हसली नाही. बाकड्याकडे बघून म्हणाली, "लवकर करा अण्णा." मला उगाच विनोद केल्याची लाज वाटली.

*

तिसऱ्या खेपेला निवड इलियासभाईंवर सोपवली. ओळखीच्या एका रेकॉर्डिंगवाल्याकडून त्यांनी दोन बटणांची लोखंडी पेटी आठ दिवसांच्या बोलीवर आणली. आवडली तर ठेवायची, नाहीतर परत.

पेटी जोडली. इलियासभाईंनी आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरवलं आणि काहीच लावलं नाही. गाणं नाही, बोलणं नाही. स्पीकरला कान लावून नुसते बसले.

पाच मिनिटांनी शरणप्पाचा धीर सुटला. "भाई, काय ऐकायलाव?"

"कुछ नहीं."

"काहीच न्हाई तर ऐकायलाव कामून?"

"कुछ नहीं हैच सुन रा हूँ! पुराने में कुछ नहीं सुनने को बैठे तो भी घुर्रर्र आता था. इसमें कुछ नहीं, मतलब सच्ची में कुछ नहीं!"

शरणप्पा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दिलीप, आजपतोर आवाज विकत घेतलेला ऐकलंय. गप्प बसणं विकत घ्यायची ही पहिलीच टाइम."

*

त्याच आठवड्यात गाणगापूरचे एक पुजारीबुवा आले. ते यात्रेकरूंना द्यायला स्वतःच्या आवाजातल्या आरत्यांच्या सीडी आमच्याकडून काढून न्यायचे. शरणप्पाला पेटी दाखवायची हौस. म्हणाला, "बुवा, तुमचीच आरती ऐका आता, कशी लागतीय बघा!"

बुवा मांडी घालून खुर्चीवर बसले, डोळे मिटले. पहिलं कडवं झालं, मान डोलली. दुसरं झालं, हात जोडले. तिसरं सुरू झालं आणि बुवांनी खाडकन डोळे उघडले.

"बंद करा हे!"

"कामून बुवा? साफ येतंय की!"

"तेच तर! तिसरं कडवं मला येत नाही हो. वीस वर्षं तोंडातल्या तोंडात गुणगुणतोय. आजवर हे फक्त देवाला माहीत होतं!"

सीडी त्यांनी जुन्याच कॉम्प्युटरवरून काढून नेल्या. जाताना पेटीला लांबूनच नमस्कार केला.

शरणप्पानं लगेच निर्णय दिला. "घ्यायची. बुवा घाबरतेत म्हंजे माल अस्सल हाय."

*

पेटी दाराजवळच्या कॉम्प्युटरला लावली. स्पीकरचं तोंड मुद्दाम बाकड्याकडे केलं. शुक्रवारी म्हाळव्वा आली, नवं लुगडं नेसून आली होती. बिराप्पा मागोमाग आला आणि नेहमीसारखा रस्त्याकडे तोंड करून बसला.

कॉल लागला. "अव्वा!" एवढाच शब्द आला आणि सगळा कॅफे वळून बघायला लागला. पोरगा खोलीत उभा राहून बोलतोय असं वाटलं. म्हाळव्वानं पदर तोंडाला लावला. आम्हालाही भरून आलं.

"जेवलास का रे?"

"जेवलो अव्वा. सुट्टी असून ऑफिसातच हाय. सायबाच्या लॅपटॉपवरून बोलायलोय."

"बाप आलाय तुझा. हितंच बसलाय."

तिकडून काही आलं नाही. इकडे बिराप्पाही हलला नाही. म्हाळव्वानं माझ्याकडे बघितलं, मी शरणप्पाकडे. शरणप्पानं आवाज आणखी वाढवला.

"काम काय नुसतं बसून असतंय अव्वा," मल्हारी पुन्हा सुरू झाला. "एसी तर इतका गार की अंगावर शाल घ्यावी लागायलीय..."

तेवढ्यात कुठंतरी एक मेंढरू ओरडलं. मला वाटलं, बाहेर कुणाचा कळप चाललाय. मी दाराबाहेर डोकावलो. रस्ता मोकळा होता.

मागे वळलो तर बिराप्पा उभा होता. घोंगडं खांद्यावरून घसरून बाकड्यावर पडलं, त्याचं भान त्याला नव्हतं. तो सरळ स्पीकरपाशी आला आणि वाकून कान लावला.

"अवं, बोला की त्याच्याशी!" म्हाळव्वा म्हणाली.

त्यानं हात वर करून तिला गप्प केलं. डोळे मिटून ऐकत राहिला. तिकडे मल्हारी मोठमोठ्यानं खुर्चीबद्दल, टेबलाबद्दल, काचेच्या दाराबद्दल सांगत होता. त्याच्या मागून एक मेंढरू, मग दोन, मग पुष्कळ.

बिराप्पानं तोंड माइकपाशी नेलं.

"मल्हारी."

तिकडचा एसी बंद पडला. नुसती मेंढरं ऐकू येत होती.

"त्यातली एक खोकलायलीय. तिला बाजूला काढ. न्हाईतर सगळ्यायला लागंल."

म्हाळव्वा एकदा स्पीकरकडे, एकदा नवऱ्याकडे बघत होती. मग मस्कतहून अगदी हळू, पण स्वच्छ आवाज आला.

"व्हय आप्पा. ती काळी हाय. कालच बाजूला काढलती, परत आत घुसली."