परमिट न देणाऱ्या बोरसेबाई

शनिवारची सकाळ होती. आमच्या एस्टेटमधल्या कारखान्यांना सुटी शनिवारी, मुलांची शाळा मात्र अर्धा दिवस. त्यामुळे घरातल्या निम्म्या माणसांना घाई आणि उरलेल्यांना अजिबात नाही, असा प्रकार असायचा. वरुणचा एक मोजा सापडला होता. तन्वीची एक वेणी घालून झाली होती. उदय, म्हणजे माझा नवरा, सुताच्या कारखान्यातला प्रॉडक्शन मॅनेजर, गॅलरीत बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात पेपर वाचत बसला होता. तेवढ्यात कडी वाजली.

दारात सफारी सूट घातलेले एक गृहस्थ घामाघूम होऊन उभे. एका हातात चिकूंची करंडी, दुसऱ्या हातात सुरती पापडीची पिशवी.

"परमिटवाळा बेन अहींज रहे छे ने?"

सिल्वासात येऊन मला गुजराती कळू लागलं होतं, पण ही परमिटवाली बेन कोण ते कळेना. मी नकारार्थी मान हलवली, तसे ते हळू आवाजात म्हणाले, "बोरसेबेन. हॉस्पिटलमध्ये बसतात ना, त्या."

आता अर्धा उलगडा झाला. बोरसेबाई आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात राहायच्या. पण त्यांचा आणि परमिटचा संबंध काय?

तो सांगायचा तर आधी बाई सांगायला हव्यात.

सुनंदा बोरसे मूळच्या धुळ्याकडच्या. मुंबईत समाजकार्याचं शिक्षण घेतलं, मग एका मनोरुग्णालयात नोकरी केली आणि शहाऐंशीच्या सुमाराला सिल्वासाच्या इस्पितळात समाजसेविका म्हणून आल्या. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला शबनम पिशवी, चाल घोरपडीसारखी निवांत. त्यांची खोली एक्स-रेच्या शेजारी होती. त्यामुळे कित्येक माणसं फिल्म हातात घेऊन त्यांच्याकडेच शिरायची आणि बाई प्रत्येकाला "बसा" म्हणायच्या. बसलेला माणूस मोडक्या हाताबद्दल सांगता सांगता हात कोणी मोडला ते सांगायचा, आणि एक्स-रे राहूनच जायचा.

त्यांचं काम नेमकं काय, हे गावात कुणालाच धड माहीत नव्हतं. शिपाई सुकदेव, हाही खानदेशचाच, लोकांना सांगायचा, "त्या समजावणाऱ्या बाई आहेत." ते साफ खोटं होतं. बाई कधीच कुणाला समजवायच्या नाहीत. त्यांचा एकच नेम होता: समोरच्याचं बोलून होईपर्यंत सल्ला बंद. नर्सना, हवालदारांना, कारखान्यांतल्या सुपरवायझरना त्या हेच शिकवायच्या आणि त्यासाठी त्यांच्या शबनममध्ये लवंगांची डबी असायची. शिकायला बसलेल्या प्रत्येकाला एक लवंग. ती गालात धरायची, चावायची नाही, आणि ती मऊ पडेपर्यंत समोरच्याचं नुसतं ऐकायचं. एका हवालदाराने पहिल्याच क्षणी लवंग कचकन चावली आणि म्हणाला, "बाई, झालं. आता सांगू का त्याला काय करायचं ते?"

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं वाटेल. पण जवळच्या खेरडी गावातली एक मुलगी पिकावर मारायचं औषध पिऊन इस्पितळात आली होती. तिच्या खाटेभोवती सगळे "असं का केलंस" म्हणून ओरडत होते. बाईंनी स्टूल ओढलं, तिच्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "मी इथेच आहे." दुपार गेली, चहा निवून साय धरली, बाई हलल्या नाहीत. संध्याकाळी ती मुलगी बोलली. काय बोलली ते बाईंनी मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तोवर मला लवंगेची थोडी सवय झाली होती.

आता परमिट. गुजरातेत दारूबंदी, सिल्वासात नाही. त्यामुळे शनिवार-रविवारी अख्ख्या गुजरातची तहान आमच्या रस्त्यावर उतरायची. इथे प्यायला कसलाच कागद लागत नाही, पण बाटली घेऊन गुजरातेत, वापीला परत जायचं तर चेकपोस्टवर पकडतात. गुजरातच्या सरकारकडून दुखणाईतांना डॉक्टरच्या कागदावर परमिट मिळायचं: झोप येत नाही, जीव घाबरा होतो, असं काहीबाही लिहून. आमच्या दारातले भावेशभाई वापीचे, हार्डवेअरचे दुकानदार. मेव्हण्याच्या पायाचा एक्स-रे काढायला इस्पितळात आले होते, तिथे सुकदेवने त्यांना सांगितलं, "त्या बाईंना झोपेचं, दारूचं, सगळं सांगा. सगळं ऐकून घेतात." सरकारी खुर्चीतली बाई, इस्पितळात, झोपेची आणि दारूची चौकशी करते! वापीच्या माणसाने यावरून जो निष्कर्ष काढायचा तोच भावेशभाईंनी काढला.

आवाज ऐकून बोरसेबाई बाहेर आल्या. त्यांचं घर एका खोलीचं, राहणाऱ्या एकट्या. परक्या पुरुषाला आत घेतलं असतं तर आमच्या डोकमर्डी वस्तीभर बातमी झाली असती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अनुराधाताई, तुमची गॅलरी देता का घटकाभर?"

मग भावेशभाईंना म्हणाल्या, "या ताई स्वयंपाकघरात असतील. ऐकू जाईल. चालेल ना?"

"चालेल ने. क्लार्क तर पायजेच," असं म्हणून त्यांनी चिकू बाईंसमोर आणि पापडी माझ्यासमोर ठेवली. मग पेपर गुंडाळून उठणाऱ्या उदयकडे वळून म्हणाले, "भाई, जरा पाणी आणजो."

उदयने पाणी आणलं. बिचारा पाहुण्याच्या भिडेखातर. पेला परत देताना भावेशभाई बाईंना म्हणाले, "पटावाळो सारो छे."

प्रॉडक्शन मॅनेजरचा शिपाई झालेला ऐकून माझ्या हातातला चिमटा खाली पडला.

"भावेशभाई," बाई म्हणाल्या, "मी परमिट देत नाही. मी फक्त ऐकते. आणि हे चिकू परत न्या."

"हां हां बेन, समजलो." त्यांनी डोळा मिचकावला. त्यांच्या आयुष्यात एकही अधिकारी पहिल्या भेटीत 'देतो' म्हणाला नव्हता. त्यांनी घसा साफ केला आणि पाठ केलेलं सुरू केलं: झोप नाही, भूक नाही, छातीत धडधड.

"कधीपासून?"

"किती लिहायला लागते?"

"लिहायचं काही नाही. खरं सांगा."

 पाठ केलेल्यात 'खरं सांगा' नव्हतं. शेवटी भावेशभाई म्हणाले, "ममता गेली ना, तेव्हापासून."

ममता म्हणजे त्यांची बायको. दिवाळीनंतर त्यांची मुलगी सोनी हिचा वाढदिवस होता. भावेशभाई दुकानातून थेट सिल्वासाला जाऊन मग घरी पोचले, आणि सोनी नवा फ्रॉक घालून बाहेर येण्याआधीच त्यांनी केक कापला, गल्लीतल्या पोरांना वाटून टाकला आणि आलेल्या भेटींवर आडवे होऊन झोपले. ममता दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन माहेरी, बिलिमोऱ्याला गेली. दारू सुटल्याशिवाय येणार नाही, असा निरोप.

"घर खायला उठते, बेन. म्हणून म्हटलं, परमिट असेल तर घरीच बसून पिता येईल."

बायको दारूमुळे गेली, आणि ती नाही म्हणून हे घरी दारू आणणार! माझ्या जिभेवर इतके सल्ले गोळा झाले की मी फडताळातली लवंगच तोंडात टाकली. उदय मात्र पटावाळा असूनही आतून ओरडला, "अहो, मग सोडा ना दारू!"

बाईंनी नुसतं दाराकडे पाहिलं. उदय न सापडलेला मोजा शोधायला निघून गेला.

त्यानंतर भावेशभाई दर शनिवारी सकाळी यायचे. न पिता यायचे, कारण प्यालेल्या माणसाचा जबाब सरकार धरत नाही अशी त्यांची समजूत. दर शनिवारी बाई दारातच सांगायच्या, "मी परमिट देत नाही," आणि ते म्हणायचे, "बरोबर छे." भेटी परत जायच्या, पुढच्या वेळी वेगळ्या यायच्या. चिकू चालत नाहीत म्हणून ताडगोळे, ताडगोळे चालत नाहीत म्हणून घारी. एकदा दारासाठी पितळी कडी आणली, दुकानातली. तीही परत गेली, आणि तन्वीला फार वाईट वाटलं.

"बाई, हा माणूस पिण्याच्या परमिटसाठी प्यायचा थांबलाय," मी म्हटलं.

"शनिवारपुरता," बाई म्हणाल्या. "बाकी दिवसांचं त्याचं त्याला अजून सांगायचंय. मी दर वेळी खरं सांगते, तो ऐकत नाही. काय करू ताई? ऐकायचं काम माझं, त्याचं थोडंच आहे!"

मग एक शनिवार असा आला की बाईंचं खेरडीला शिबिर होतं. जाताना माझ्या हातावर लवंगांची डबी ठेवून म्हणाल्या, "तुम्ही बसा आज." मी बी.ए. मानसशास्त्र घेऊन झाले होते, पण कडी वाजण्याआधीच लवंग गालात धरून बसले.

कडी वाजली. भावेशभाई नव्हते. एक बाई होती, पदर खोचलेली, आणि तिच्या बोटाला धरून एक मुलगी.

"तुम्हीच का त्या माझ्या नवऱ्याला दारूचं लायसन देणाऱ्या?"

मेव्हण्याने बिलिमोऱ्यात बातमी पोचवली होती. मी तोंड उघडलं, पण लवंग गालात. मी खुर्ची पुढे केली.

"बसायला नाही आले मी!" असं म्हणत ममताबेन बसल्या. "लाज नाही वाटत? तुमच्या घरात लेकरं नाहीत?" तेवढ्यात उदय पाण्याचा पेला घेऊन आला. आता त्याला सवयच झाली होती. "आणि तुम्ही काय बघता? तुम्ही पण खाता ना चिकू?"

उदयने बोलायला तोंड उघडलं. मी डबीतली एक लवंग त्याच्या हातावर ठेवली.

ममताबेन बोलत राहिल्या. लायसनवरून केकवर आल्या. केकवरून त्या फ्रॉकवर. तो त्यांनी स्वतः शिवला होता, कॉलरीला मोती लावून. मग थांबल्या. मला वाटलं, संपलं, आता काहीतरी म्हणावं. पण लवंग अजून मऊ पडली नव्हती. थोड्या वेळाने त्या अगदी वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "मला घरी जायचंय हो. माहेरी आता वहिनी भांडी आपटते. पण मी गेले आणि पुन्हा तसंच झालं तर? मग कुठे जाऊ?"

जिन्यात काहीतरी घरंगळलं. नारळ होते. भावेशभाई किती वेळ तिथे उभे होते कोण जाणे.

"मिळालं का परमिट?" ममताबेननी विचारलं.

"इतके शनिवार आलो, नाय देत. दर वेळी सांगतात नाय देत." ते नारळ गोळा करत खाली बसले होते, वर बघेनात. "मला वाटतं, खरंच नसेल देत."

"मग येता कशाला?"

"माझी बा समजावते. तू समजावते. तुझा भाऊ समजावते. इथे कोणी समजावत नाय."

सोनी मोठ्या गंभीरपणे एक नारळ उचलून वडिलांना देऊन आली. ममताबेन काही वितळल्या वगैरे नाहीत. उठल्या, निऱ्या झटकल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी दादऱ्याच्या तळ्याकाठच्या बागेत सोनीचा वाढदिवस पुन्हा करणार. वापीहून येताना वाटेत किती बार लागतात ते तुम्हाला माहीत. आलात तर सकाळी या, आणि सुरीला हात लावायचा नाही."

तो आठवडा माझ्या घरात कुणी नीट जेवलं नाही. बाई मात्र शांत. "येईल का हो?" असं मी विचारलं की म्हणायच्या, "मला काय माहीत?" पण रविवारी सकाळी बाईंनी चहात साखरेऐवजी मीठ टाकलेलं मी पाहिलं, आणि तसाच प्यायल्याही.

सोमवारी ममताबेन केकचा तुकडा घेऊन आल्या. भावेशभाई आले होते, नारळपाणी पीत पीत, बागेत सगळ्यांच्या आधी. सोनीने केक कापेपर्यंत दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते, फोटोतही तसेच आले. उन्हाळ्याच्या सुटीत ममताबेन वापीला परत गेल्या.

गोष्ट इथे संपवली तर छान दिसेल. पण भावेशभाई पुढे दोनदा घसरले. दोन्ही वेळा पुढच्या शनिवारी आमच्या दारात हजर, मान खाली. "मी परमिट देत नाही," असं बाई म्हणायच्या, आणि ते हसून बसायचे. दुसऱ्या वेळी ममताबेननीच त्यांना बसमध्ये बसवून दिलं होतं.

सत्त्याण्णव साली बाई निवृत्त झाल्या. धुळ्याला भावाकडे जायचं ठरलं. आमच्या हॉलमध्ये निरोप समारंभ केला. बाईंनी शिकवलेली सगळी माणसं आली, आणि एकेकाने उठून बाईंना सल्ला दिला. नर्सने गुडघ्यांसाठी तेल सांगितलं. सुकदेवने धुळ्याचा उन्हाळा समजावला. तो लवंग चावणारा हवालदार आता जमादार झाला होता. त्याने भावजयीशी कसं वागावं यावर लांबलचक भाषण केलं. उदयनेही पेन्शन कुठे ठेवावी ते सांगितलं. बाईंनी डबी उघडली, गालात लवंग धरली आणि सगळं ऐकून घेतलं.

भावेशभाईंनी तीच जुनी पितळी कडी आणली होती. "आता तर सरकारी नाय ना तुम्ही," म्हणाले. बाईंनी घेतली.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "बाई, आमच्याकडून काय देऊ? साडी, घड्याळ, काही सांगा."

बाईंनी चष्मा पुसला.

"शनिवारी सकाळी गॅलरीत एक खुर्ची रिकामी ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि भावेशभाई आले, तर उदयरावांना आत बसवा."