एकशे आठ किलो चारशे ग्रॅम

अलास्काला जहाजाने जायचं ठरलं त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून अक्कांना डेकवरच्या खुर्चीत बसवून टाकलं. जहाज सुटायला चार महिने होते. अक्का उदगीरला माझ्या स्वयंपाकघरात गवार निवडत होत्या, आणि तिकडे त्या कुठे बसणार हे ठरूनही गेलं होतं.

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. दीर विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे, म्हणून त्यांचा संसार नांदेडला झाला. दीर सहा वर्षांपूर्वी गेले. एकुलता एक मुलगा सिएटलला असतो. त्यानेच हा घाट घातला होता: त्याची आई, काका, काकू आणि तो, असं चौघांनी सात दिवस जहाजावर राहायचं. व्हिसाची धावपळ सोपी जावी म्हणून अक्का आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या.

माझं सांगायचं तर मी उदगीरबाहेर वजनकाटा चालवते. सासऱ्यांनी टाकला होता. नवऱ्याला त्यात रस नव्हता, म्हणून मी बसायला लागले, ती आजपर्यंत. सोयाबीनचा, तुरीचा, हरभऱ्याचा ट्रक येतो. भरलेला तोलायचा, रिकामा तोलायचा, वजाबाकी करायची, वजन लिहिलेली काटापट्टी हातात द्यायची. ड्रायव्हर भांडतात, आडते भांडतात. मी भांडत नाही. पुन्हा तोलून दाखवते.

पुतण्याने प्रत्येक बंदरावर काय काय बघता येईल त्याची यादी आणि व्हिडिओ पाठवले होते. हिमनदी, देवमासे, कुत्र्यांच्या गाड्या. त्यात एक विमान होतं. चाकांच्या जागी होडीसारखे दोन लांब पाय, आणि ते डोंगराच्या मधल्या तळ्यावर येऊन सरळ पाण्यावर उतरत होतं. अक्कांनी तो व्हिडिओ तीनदा बघितला. चौथ्यांदा माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"बघ गं, पाण्यावर उतरून राहिलंय. बुडत न्हाई."

"जायचं का अक्का?"

"मला कोण नेतंय."

आमच्याकडची बाई "कोण नेतंय" म्हणाली की त्याचा अर्थ नको असा होत नाही. ज्यांना तो कळत नाही त्यांनी चाळीस वर्षं तो कळून घेतलेला नसतो, एवढंच.

रविवारी पुतण्याचा फोन आला. स्पीकर लावला होता. तो म्हणाला, "केचिकनला जहाज थांबतं तेव्हा काका, काकू आणि मी विमानात जाऊ. आई जहाजावर आराम करेल. गुडघा आहे, बीपी आहे, आणि ते विमान एवढंसं असतं."

"बरोबर हाय," नवरा लगेच म्हणाला. "वैनींना झेपायचं न्हाई ते. उगं रिस्क कशाला."

मी पुतण्याला म्हटलं, "आईला विचारलंस का?"

"काकू, तिला विचारलं तर ती नाहीच म्हणणार."

"मग विचार की. म्हणू दे नाही."

त्याला विचारावं लागलं. अक्का समोरच बसल्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि फोनच्या जरा जास्तच जवळ जाऊन म्हणाल्या, "मला जायचंय."

नवऱ्याने पंख्याकडे बघितलं. मी फोन माझ्याकडे ओढला आणि म्हटलं, चार जागा बघ, आणि वेळेचं गणित मी करते.

गणित अवघड नव्हतं, पण करायला हवं होतं. जहाज सकाळी सातला लागणार, दोनला सुटणार, दीडच्या आत सगळे परत चढलेले हवेत. जहाजवाल्यांच्या स्वतःच्या सहली भरून गेल्या होत्या. त्यामुळे बंदरावरच्या एका छोट्या विमानवाल्यांकडे परस्पर जागा घ्याव्या लागणार होत्या, आणि परस्पर गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. विमानाची पहिली फेरी आठची होती. पुतण्याला तीच हवी होती, लवकर गेलं की लवकर आलो म्हणून. मी त्यांच्या साईटवर लोकांनी लिहिलेले अनुभव वाचत बसले. तिथे सकाळी धुकं असतं आणि आठची फेरी सारखी पुढे जाते, असं दिसलं. म्हणून मी साडेनऊची घेतली. दोन तास फिरणं, एक तास उशीर धरला तरी साडेबाराला परत.

"आणि जहाज सुटलं तर?" नवऱ्याने विचारलं. हा प्रश्न त्याने त्या महिन्यात रोज विचारला.

"पुढच्या बंदरावर गाठू. चौघांचे पासपोर्ट आणि दोन दिवसांच्या गोळ्या माझ्या पिशवीत असतील."

"तू मनावर घेतलंस की कुणाचं ऐकत न्हाईस."

"हाव," मी कबूल केलं.

मग विमानवाल्यांची मेल आली. पुतण्याने फॉर्म भरून तिची प्रत मला पाठवली होती. प्रत्येकाच्या नावापुढे वजन, पौंडांमध्ये. मी किलो करून बघितले. माझ्यापुढे पासष्ट, नवऱ्यापुढे ऐंशी, अक्कांपुढे चौऱ्याऐंशी.

मी ताबडतोब फोन केला. "हे कुठून आणलंस?"

"अंदाजे टाकलं काकू. आईचं तिच्या जुन्या फाईलमधून घेतलं."

"किती जुन्या?"

"बाबा होते तेव्हाची असेल. अगं, तिला विचारायचं कसं? वाईट वाटतं."

मला त्याचा राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आमच्या भागात सगळंच अंदाजे. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलींचा वाढदिवस एक जूनला, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तसा लिहिला. वय अंदाजे, पाऊस अंदाजे, बायकांचं वजन तर विचारायचंच नाही. पण वजन विचारणाऱ्या त्या विमानवाल्याला माझ्या लाजेशी देणंघेणं नव्हतं. सहा माणसांचं विमान. कुणाला पुढे बसवायचं, कुणाला मागे, हे तो त्या आकड्यांवरून ठरवणार. वीस-पंचवीस किलोची चूक ट्रकमध्ये झाली तर मी ती चूक धरतसुद्धा नाही. तिथे धरावी लागते.

"आम्ही तोलून कळवतो," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

माझ्या काट्यावर माणूस तोलता येत नाही. तो दहा-दहा किलोंनी पुढे सरकतो. म्हणून मी मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, माझ्या भावाच्या आडतीवर जायचं ठरवलं. तिथे पोती तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, ग्रॅमपर्यंत दाखवतो. बाजार बंद असलेल्या दिवशी भावाकडून किल्ली घेतली. अक्का, मी, नवरा. रिकाम्या मोंढ्यात आमच्याकडे बघायला एक बैल आणि चार कबुतरं होती.

मी पहिली चढले. तिकडे घालायचे बूट आणि कोट घालून, कारण विमानवाल्यांनी तसंच सांगितलं होतं. चौऱ्याहत्तर किलो सहाशे. म्हणजे पुतण्याने मला साडेनऊ किलोंचा मान दिला होता. मी आकडा मोठ्याने वाचला, मोंढ्यात मापाडी वाचतो तसा, आणि कागदावर लिहिला.

नवरा म्हणाला, "माझं ऐंशीच हाय. माहिती हाय मला."

"चढा."

"वैनींसमोर कशाला?"

"वैनी तुम्हाला लग्नात हळद लावून बसल्यात. चढा."

एक्क्याण्णव. तो काट्याला नावं ठेवत उतरला.

अक्का चढल्या नाहीत. काट्याच्या कडेला एक पाय ठेवून उभ्या राहिल्या. "तू वाचू नको मोठ्यानं," म्हणाल्या.

"नाही वाचत."

त्या चढल्या. मी आकडा लिहिला आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. "शंभराच्या वर असंल असं वाटलंच होतं," म्हणाल्या. मग बुटांची नाडी बांधायला खाली बसल्या, आणि मी नवऱ्याला बाहेर पाठवलं.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी अक्कांना विचारलं, आकडा घालू का? त्या म्हणाल्या, "घाल. अंकात घाल आणि अक्षरीबी घाल." तर १०८.४००. एकशे आठ किलो चारशे ग्रॅम, बूट आणि कोटासकट.

खरे आकडे गेले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. अक्कांना शेजारची जागाही घ्यावी लागेल, हा त्यांचा नियम. आणि साडेनऊच्या फेरीत आता जादा जागा शिल्लक नाही. सहापैकी चार आमच्या, दोन दुसऱ्या जोडप्याच्या.

पुतण्या म्हणाला, "काकू, जुनेच आकडे ठेवायला हवे होते. तिथे कोण बघतं?"

"पायलट बघतो."

"मग आता काय करायचं?"

अक्का मागून म्हणाल्या, "काय न्हाई करायचं. मी बसते जहाजावर. दोन-दोन सीटा अडवून बसायचं म्हणजे लोक हसतील."

"कोण लोक?" मी विचारलं. "तिथं तुम्हाला कोण ओळखतंय?"

"तरी."

"अक्का, माझ्याकडं बारा टनांचा ट्रक येतो. काट्यावर चढतो, पट्टी घेतो, जातो. लाजतो का तो?"

"मी ट्रक हाय का गं?"

"न्हाई. ट्रक एवढे आढेवेढे घेत न्हाई."

अक्कांनी हातातलं फडकं माझ्या अंगावर फेकलं. हसल्या मात्र नाहीत. आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

मी मेल परत वाचायला बसले. आठची फेरी भरलेली. पुढची बाराची, ती जहाजाच्या वेळेत बसत नव्हती. दुसरे विमानवाले भरलेले. मी माझी जागा सोडते असं म्हणणार होते, एवढ्यात नवरा खाकरला.

"माझं सीट वैनींना द्या," तो म्हणाला.

मी वर बघितलं.

"म्हणजे त्यांना बी जायचंय. तुम्ही तिघं जावा. मी जहाजावरच थांबतो. जहाजावर कुणीतरी पाहिजेच की, कॅप्टनला सांगायला, आमची माणसं येऊन राहिलीत म्हणून."

महिनाभर वैनींचा गुडघा, वैनींचं बीपी, वैनींना झेपायचं नाही, आणि त्या सगळ्याच्या आत हे होतं. त्याचे कान लाल झाले.

"तुम्हाला भीती वाटते," मी म्हटलं.

"वाटते. मग? पाण्यावर उतरतं ते. पाण्यावर उतरतं का कधी विमान?"

तीस वर्षांच्या संसारात त्याने एवढं सरळ वाक्य क्वचितच टाकलं असेल. मी जाऊन अक्कांचं दार ढकललं आणि सांगितलं की जागा मिळाली, कशी मिळाली तेही सांगितलं. आतून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. "भावजी घाबरतेत?" अक्का म्हणाल्या. "मग मीच जाते बाई. घरातलं कुणीतरी जायला पाहिजे की."

त्या शनिवारी लातूरला जाऊन आम्ही दोघींसाठी आणखी गरम मोजे घेतले. दुकानदार म्हणाला, एवढ्या थंडीत कुठं? अक्का म्हणाल्या, "विमानानं तळ्यात."

केचिकनला सकाळी धुकंच होतं. आठची फेरी थांबली. साडेनऊची दहाला सुटली. धक्क्यावरच्या मुलीने सगळ्यांना पुन्हा तोललं. आमचे तिघांचे आकडे कागदाशी जुळले. त्या दुसऱ्या जोडप्यातल्या उंच माणसाचा आकडा बराच चुकला, आणि त्याच्यामुळे पायलटला जागा बदलाव्या लागल्या. अक्कांना मधल्या रांगेत दोन जागा, मला शेवटी. माझ्या खिडकीतून अर्धं दृश्य पंखाच्या आधाराच्या दांड्याने खाल्लं होतं. मी तक्रार केली. पायलट म्हणाला, वजन. मी पट्टा बांधला.

वरून काय दिसलं ते मी लिहिणार नाही. त्याचे व्हिडिओ हवे तितके आहेत. सगळ्यांच्या कानांवर बोलायचे हेडफोन होते. एका वळणावर विमान तिरकं झालं तेव्हा अक्कांचा आवाज सगळ्यांच्या कानात आला: "आगागागा!" पायलटने विचारलं, सगळं ठीक? पुतण्याने भाषांतर केलं, ठीक. अक्का म्हणाल्या, "त्याला म्हणावं, आणखी एकदा वळव."

मग आम्ही तळ्यावर उतरलो. इंजिन बंद झालं. पायलटने दार उघडलं आणि सांगितलं की हवं तर दोघा-दोघांनी बाहेर त्या लांब पायावर येऊन उभं राहता येईल. तो पाय हातभर रुंद, ओला. खाली पाणी काळं, किती खोल ते दिसत नव्हतं.

"आई, तू आतच बस," पुतण्या म्हणाला. "दारातून बघ."

अक्का उठून दारापर्यंत सरकल्या होत्याही. आधी पायलट उतरला, मग अक्का, एकेक पायरी, दुखरा गुडघा आधी. त्यांच्या मागे मी. विमान त्यांच्या बाजूला जरासं कललं आणि तसंच राहिलं. मी त्यांचा दंड घट्ट धरला होता. मला वाटत होतं की इथपर्यंत मी त्यांना आणलंय, आता त्या पडल्या तर उदगीरपर्यंत तोंड दाखवायला जागा नाही.

अक्कांनी मान न वळवता म्हटलं, "सोड हात."

"अक्का, घसरडं हाय."

"मला दिसतंय. सोड. घरापासनं धरूनच राहिलीस तू."

पायलट एका हाताच्या अंतरावर होता. मी बोटं सैल केली, मग हात मागे घेतला. अक्का दोन पावलं पुढे गेल्या आणि कुणालाही न धरता उभ्या राहिल्या.