एकोणिसावा गीझर

थांबाकाका सव्वीस वर्षं एक गीझर शोधत होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त आमचा गळका गीझर दुरुस्त करून हवा होता, तोही आईच्या आंघोळीच्या आत.

त्यांना थांबाकाका म्हणतात, कारण कुठल्याही घरात शिरल्यावर त्यांचा पहिला शब्द तोच. फोनवरही तेच. बायकोने "काका, गीझर गळतोय," एवढं म्हणायचा अवकाश, पलीकडून आवाज आला, "थांबा. आधी बटण बंद करा. केलंत? आता बोला." दुसरा प्लंबर ज्या नळाला दहा मिनिटं लावतो, त्याला हे तासभर लावतात. पाना हातात घेण्याआधी नुसते बघत उभे राहतात. कशालाही हात लावायचा तर आधी हाताच्या पाठच्या बाजूने चाचपतात. या संथ कारभारामुळे गल्लीत त्यांची चेष्टा होते आणि ती करण्यात मी सगळ्यांत पुढे होतो.

खरं म्हणजे मी कुणालाच बोलावत नाही. घरातली दुरुस्ती मी स्वतः करतो. शाळेच्या ऑफिसात दिवसभर दाखले लिहून माझे हात शिवशिवायला लागतात आणि घरी आलो की काहीतरी उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. बायको म्हणते, तुम्ही दुरुस्त केलेल्या वस्तूंसाठी एक वेगळी खोली बांधूया. पण या वेळी टाकीच्या बुडातूनच तांबूस पाणी यायला लागलं होतं, आणि तिथे माझी अक्कल चालेना.

काका आले, चपला दारात नीट जोडून ठेवल्या आणि बाथरूममध्ये जाऊन उभे राहिले. आमचं बाथरूम म्हणजे दोन माणसं एकदम वळली तर एकाने माफी मागावी एवढं. गीझरच्या बरोबर खाली आईचं प्लास्टिकचं स्टूल. गुडघे गेल्यापासून ती त्यावर बसून आंघोळ करते, चांगला अर्धा तास. तीही टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभी होती, मागे बायको. काकांनी टाकीखालून हात फिरवला, पाइप बघितला, पाइपवरचा पितळेचा छोटा व्हॉल्व्ह बघितला. मग ते सावकाश आमच्याकडे वळले.

"इथे हा स्क्रू कुणी बसवलाय?"

ती कलाकुसर माझीच होती. दोन महिन्यांपूर्वी पाणी तापलं की त्या व्हॉल्व्हच्या भोकातून थेंब पडायचे. फरशी ओली व्हायची आणि एकदा त्यावरून आईचा पाय सटकला. तिने बेसिन धरलं म्हणून वाचली. त्याच संध्याकाळी मी एका स्क्रूला टेप गुंडाळली, भोकात घट्ट पिळून बसवला आणि थेंब बंद केले. दोन दिवस जेवताना माझ्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

पण काकांचा चेहरा असा झाला होता की माझी जीभ आपोआप दुसरीकडे वळली. "मागे एक मेकॅनिक आला होता, त्याने," मी म्हणालो. बायकोने माझ्याकडे बघितलं, मग छताकडे.

"कोण मेकॅनिक? दुकान कुठे त्याचं?"

"आठवत नाही हो."

"दिसायला कसा होता? काय वयाचा? साहेब, जरा आठवा." काका बॅग बंद करायला लागले. "हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पाणी वाजवीपेक्षा जास्त तापलं की त्याचा जोर इथून बाहेर पडतो. ते बुजवलं तर टाकी फुटते. बॉम्बच तो. तुमच्या टाकीला तोंड उघडू दिलं नाही, म्हणून ती बुडातून गळायला लागली. नशीब थोर तुमचं. पण ज्याने इथे केलं, त्याने आणखी दहा घरांत हेच केलं असणार. मला आजच त्याला गाठलं पाहिजे. तुम्ही बटणाला हात लावू नका, मी येतो."

आणि खरंच ते चपला घालायला लागले. मी गप्प राहिलो असतो तर तो साठीचा माणूस, दिवसभर उन्हात, समोरच बनियनवर उभ्या असलेल्या माणसाला शोधत गावभर फिरला असता. मी स्टुलाकडे बघितलं. दोन महिने रोज सकाळी आई तिथे, त्या टाकीखाली बसत होती आणि बटण रोज मीच चालू करत होतो.

"काका, जाऊ नका. तो स्क्रू मीच बसवला."

आता खरडपट्टी ऐकायला मिळणार म्हणून मी मान खाली घातली. काका उलट परत आत आले आणि आईच्या स्टुलावर मटकन बसले.

"तुम्हीच? दुसऱ्या कुणाच्या घरी नाही ना केलंत?"

"छे हो. मला दुसरं कोण हात लावू देतंय!"

"म्हणजे एकच घर." त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "सांगितलंत, उपकार झाले, साहेब."

माझी आई वाचली होती, ती त्यांच्यामुळे, आणि उपकार ते माझे मानत होते. आई मात्र उपकार मानणार नव्हती. "चौथीत घड्याळ उघडलं होतंस, तेव्हाच तुझे हात बांधून ठेवायला हवे होते," ती म्हणाली आणि काकांसाठी चहा टाकायला वळली.

टाकी कामातून गेली होती. काकांनी ती खाली उतरवली, स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि चहाला बसले. एकच घर असल्याचा एवढा आनंद का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"कारण माझी एकोणीस होती," ते म्हणाले.

ज्या उस्तादाकडे ते काम शिकले, तो थेंब बंद करायला हेच करायचा. घरचे लोक खूश व्हायचे, पुन्हा बोलवायचे. काकाही तेच करायला लागले. एक दिवस त्यांतलीच एक टाकी फुटली. घरातले सगळे बाहेर गेले होते म्हणून कुणाला काही झालं नाही, पण बाथरूमचं दार समोरच्या भिंतीत जाऊन रुतलं होतं. ते दार बघून काका घरी गेले ते दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी निघाले आणि आठवेल त्या प्रत्येक घरी जाऊन, मी चूक केली होती असं सांगून, स्क्रू काढत सुटले. कुणी ओरडलं, कुणी दारातूनच हाकललं, तर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. फुटलेला धरून अठरा झाले. एकोणिसावं घर भाड्याचं होतं, वरच्या मजल्यावरचं. काका पोचले तेव्हा त्याला कुलूप होतं. घरच्या माणसाची बदली झाली होती आणि गीझर ते बरोबर घेऊन गेले होते.

"कुठे गेले ते मालकालाही माहीत नव्हतं. नवरा-बायको आणि एक मुलगी. मुलगी तुमच्याच शाळेत होती, साहेब. तेव्हा मी शाळेत विचारायलाही आलो होतो. तिथल्या क्लार्कने हाकलून दिलं. मुलीचा पत्ता तुम्हाला कशाला हवा, म्हणाला. त्याचंही बरोबरच होतं. कुठे गीझर फुटल्याचं पेपरात आलं की अजून मी आधी आडनाव बघतो."

तो क्लार्क म्हणजे माझे आधीचे साहेब. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हाकललंच असतं. पण आता त्या खुर्चीवर मी बसतो आणि माझी आई स्वयंपाकघरात भांडी आदळत, जिवंत होती. मी काकांकडून आडनाव लिहून घेतलं.

मधल्या सुट्टीत तीन दिवस मी जुनी रजिस्टरं उपसली. शिंकून शिंकून नाक लाल झालं. चौथी, त्याच आडनावाची एकच मुलगी, वर्षाच्या मध्येच शाळा सोडलेली, दाखला अमुक गावच्या अमुक शाळेसाठी दिलेला. त्या शाळेच्या क्लार्कला मी फोन केला. आम्ही दोघं कधी भेटलेलो नाही, पण दाखल्यांवरच्या एकमेकांच्या सह्या ओळखतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ती मुलगी आता मोठी झाली आहे आणि तिचाच मुलगा आमच्याकडे दुसरीत आहे. पत्ता देणार नाही, पण निरोप देतो. दोन दिवसांनी निरोप आला की ती गुरुवारी चार वाजता ऑफिसात फोन करेल.

काका दोन वाजताच आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. पालकांच्या बाकावर गुडघ्यांत हात धरून बसले. पाणी दिलं तर नको म्हणाले. चारला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी मला विचारलं, "वाईट काही निघालं तर मी काय बोलायचं?" तेवढ्यात फोन वाजला. मी स्पीकर चालू केला.

काकांनी आपण कोण ते सांगितलं, स्क्रूचं सांगितलं. अडखळत, पण काही न लपवता.

"अहो, तो गीझर आम्ही नेला होता ना," ती म्हणाली. "नव्या घरात तोच लावला."

काकांनी टेबलाची कड धरली.

"पण लावायला जो प्लंबर आला, त्याने आधी तो स्क्रूच उपटून काढला. मला पक्कं आठवतंय, कारण त्याने इतक्या शिव्या घातल्या की आईने मला आतल्या खोलीत पाठवलं."

"म्हणजे स्क्रू असताना त्या गीझरचं पाणी नंतर कुणी..."

"एकदाही नाही. आम्ही सगळे ठणठणीत आहोत, काका. आईबाबा इथेच आहेत, माझ्याकडे."

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. मी खिडकीकडे तोंड केलं. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं, आणि ऑफिसात शिपाई उभा होता.

"काका, आहात ना?" पलीकडून तिने विचारलं.

"आहे, ताई, आहे. त्या प्लंबरने शिव्या कुणाला घातल्या?"

"ज्याने तो स्क्रू..." ती थबकली. "अय्या. तुम्हालाच की!"

"काय म्हणाला तो? सांगा ना."

"जाऊ दे हो, कशाला."

"नाही, सांगा. मला ऐकायचंय."

तिने आवाज खाली आणला. "म्हणाला, ज्या गाढवाने हे केलंय, त्यालाच आधी याच्याखाली आंघोळीला बसवा."

काकांनी फोनसमोर हात जोडले.

"बरोबर बोलला," ते म्हणाले. "अगदी बरोबर बोलला हो. कुठे असतो तो आता? मला त्याला भेटायचंय."