सुटण्यापुरतं बंद

माझ्या धाकट्या बहिणीची गाडी कॅनडात बर्फावरून घसरली, त्याच्या बऱ्याच आधी मला कळलं होतं की मी तिला चुकीचं शिकवलंय. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मी चुकीचं शिकवलं, एवढं आता घरात सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर सगळ्यांचं पोटभर हसूनही झालंय. आधी कळलं होतं, ते मात्र माझ्यापाशीच राहिलंय.

मुळात मी फार बोलणारा माणूस नाही. ऑफिसात तर माझं बोलणं कोटेशनपुरतंच. पण वाळूचा विषय निघाला की मला कंठ फुटतो. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या बिल्डिंगमधल्या चार मराठी घरांत फोर बाय फोर गाडी पहिल्यांदा मी घेतली, आणि थंडीच्या दिवसांत सुट्टी आली की शारजाच्या पुढच्या लाल वाळूत आमची वरात निघायची. टायरमधली हवा किती सोडायची, टेकडीवर कुठून चढायचं, हे सगळे मलाच विचारत. हळूहळू माझं ज्ञान वाढलं, आणि त्याच्या दुप्पट वेगाने माझी कीर्ती वाढली.

माझा पहिला नियम बटणाचा. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं छोटं चित्र असलेलं एक बटण असतं, ते ट्रॅक्शन कंट्रोल. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की हे यंत्र इंजिनाची ताकद आपोआप कमी करतं. रस्त्यावर ते देवासारखं. वाळूत मात्र चाकं थोडी फिरायलाच हवीत, नाहीतर ऐन चढावर गाडी दम सोडते आणि रुतते. म्हणून वाळूत शिरताना मी मागच्या गाड्यांना ओरडून सांगायचो, "बटण बंद, गॅसवर पाय घट्ट, यल्ला, चला!"

बहीण तेव्हा शारजात राहायची. दुबईच्या रस्त्यावरच्या टेस्टमध्ये ती इतक्या वेळा नापास झाली होती की शेजारी बसणाऱ्या पोलीसबाई तिला नावाने ओळखायला लागल्या होत्या. शेवटी लायसन्स मिळालं, त्या दिवशी ती शारजाहून आमच्याकडे एकटी गाडी चालवत आली. मांडीवर मटकीच्या उसळीचा डबा. मी म्हटलं, डबा मागे ठेवायचा ना. तर म्हणे, ठेवायला हात स्टिअरिंगवरून काढावा लागला असता.

मग तिचा हात बसावा म्हणून आम्ही सुट्टीच्या सकाळी अल क्वोजला जायचो. गोदामं बंद, गल्ल्या मोकळ्या, एखादा ट्रेलर तेवढा उभा. तिथे ती माझ्या देखत ड्रायव्हर झाली. नंतर तर दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, एअरपोर्टवर सोडायलाही तीच जायची. दाजी शेजारी बसून डोळे मिटून घ्यायचे आणि झोप आली म्हणायचे.

पुढे दाजींची कॅनडाची कागदपत्रं आली. निघायच्या आधीच्या जेवणाला दाजी सामान बांधायच्या गडबडीत येऊ शकले नाहीत, बहीण एकटीच आली, आणि तिने सगळ्यांसमोर मला विचारलं, "दादा, बर्फात ते बटण चालू ठेवायचं का बंद?"

आता बर्फ म्हणजे काय, तर माझ्यासाठी एक सरबतातला आणि दुसरा फ्रीझरच्या दाराला साठलेला. आपल्या भाषेत आकाशातून पडतो तोही बर्फच, पण त्याची आणि माझी भेट झालेली नव्हती. माहीत नाही म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण ताटावर बसलेले सगळे माझ्याकडे बघत होते.

"बर्फ काय आणि वाळू काय," मी म्हणालो, "मऊच ना दोन्ही? बटण बंद, पाय घट्ट."

माझी मुलगी फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, हॅव यू एव्हर सीन स्नो?" तिला तिच्या आईने गप्प केलं. बाबांचं बरोबर असतं, असं बायको म्हणाली. असं ती सहसा म्हणत नाही, त्यामुळे मला जरा जास्तच बरं वाटलं.

ते गेले. दोनेक महिन्यांनी मॉलमध्ये आत बर्फ केलेला असतो तिथे मुलीला घेऊन गेलो. भाड्याचं जॅकेट, भाड्याचे बूट. मऊ भागात पाय रुतला तेव्हा मी मनात म्हटलं, बघा, वाळूच. पण जिथे लोकांनी तुडवून तुडवून काच केली होती तिथे पाय ठेवला आणि थेट पाठीवर. मुलीने त्याचा व्हिडिओ काढला. तो आमच्या घरातला सर्वांत जास्त बघितला गेलेला व्हिडिओ आहे.

पाठ दुखत होती, पण डोक्यात दुसरंच ठसठसत होतं. वाळूत माणूस रुततो, तो घसरत नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमच्या लेबनीज मॅनेजरला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो डोंगरातल्या गावचा, बर्फात वाढलेला.

"बंद?" कॉफीचा कप खाली ठेवत तो म्हणाला. "हबीबी, चालताना चालू. अडकलास तर सुटण्यापुरतं बंद. सुटलास की लगेच परत चालू. आणि पाय हलका. हे बंदचं तुला कुणी सांगितलं?"

"एका मित्राने," मी म्हणालो.

"त्याच्या गाडीत बसू नकोस."

मी हसलो. येत्या रविवारी बहिणीला सांगून टाकायचं, असं तिथेच ठरवलं. तिच्याकडे अजून बर्फ पडायचा होता. वेळ भरपूर होता.

रविवारी व्हिडिओ कॉल लागला. तिने नवी गाडी दाखवली, रात्री ड्युटीवर स्वतः चालवत जाते म्हणाली. आणि मग म्हणाली, "इथे सगळे घाबरवतात रे बर्फाचं. मी सांगते त्यांना, मला माझ्या दादाने शिकवलंय. बटण बंद, पाय घट्ट."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी विचारलं, तिकडे मटकी मिळते का?

मिळते म्हणाली. पुढच्या रविवारीही मी असंच काहीतरी विचारलं. मग एका सकाळी दाजींचाच व्हिडिओ कॉल आला. पहिल्या बर्फात, घराजवळच्या चौकात उजवीकडे वळताना तिने बटण बंद करून पाय घट्ट दाबला होता. पुढची चाकं गरगर फिरली, गाडी वळलीच नाही, आणि शेजाऱ्यांची पत्रपेटी आडवी करून बर्फाच्या ढिगात जाऊन बसली. कुणालाही काही लागलं नाही. दाजी हसतच सांगत होते, "बटणच बंद करून ठेवलं होतं हो तुमच्या बहिणीनं."

स्क्रीनच्या कडेला ती दिसत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चुकून दाबलं गेलं, दादा."

मला वाचवायला ती खोटं बोलली. आणि मी वाचलो.

दाजी काही वाईट माणूस नाहीत. ते नुसतं म्हणाले, राहू दे, मीच सोडत जाईन तुला. पण त्या "राहू दे"नंतर तिने किल्ली उचलली नाही. त्यांची वेळ जमली नाही की ती बसने जायची. थंडीत बसस्टॉपवर उभी राहून फोन करायची, नुसते डोळे दिसायचे. मी म्हणायचो, टोपी नीट घाल.

या थंडीत ते दोघं दुबईला आले. साहजिकच वाळूत गेलो. दाजींनी हौसेने गाडी मागितली आणि दुसऱ्याच टेकडीवर ती पोटावर बसवली. वर आणखी गॅस देऊन चाकं पुरती पुरली. बहीण खाली उतरली, म्हणाली, "खलास. उतरा आता." दोन्ही हातांनी चाकामागची वाळू उपसली, हवा आणखी सोडली, रिव्हर्स टाकला आणि मी पुढे व्हायच्या आधीच तिने गाडी बाहेर काढली. टेकडीला वळसा घालून समोर आणून उभी केली आणि काच खाली करून नवऱ्याला म्हणाली, "बसा. डोळे मिटायचे असतील तर मिटा."

दाजी वाळू झटकत माझ्या शेजारी उभे होते. हसत होते, पण चेहरा गोंधळलेला. म्हणाले, "हिला इतकं येतं, मग तिथे काय झालं होतं?"

"बटण चुकून दाबलं गेलं नव्हतं, दाजी," मी म्हणालो. "बंद ठेव, असं मी सांगितलं होतं तिला. तिने मला झाकलं."

वाळू झटकायचं सोडून ते माझ्याकडे वळले. "दादा, तुम्ही बर्फ कधी पाहिलाय?"

"मॉलमध्ये."

ते वाळूत खालीच बसले, इतके हसले. मुलीने लगेच तो व्हिडिओ काढून दाखवला. बायको म्हणाली, तरी मला वाटलंच होतं. परतीच्या वाटेवर गाडी बहिणीनेच चालवली, थेट आमच्या पार्किंगपर्यंत. आणि कॅनडाला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात तिचा फोटो आला: सगळीकडे पांढरं, आणि मधे स्टिअरिंगवर ती. खाली लिहिलं होतं, "चालताना चालू." तेवढा धडा मी तिला त्या परतीच्या वाटेवर नीट दिला होता. कुणाकडून शिकलो तेही सांगितलं. कधी शिकलो, ते सांगितलं नाही.

त्या दिवशी पार्किंगमध्ये उतरताना, बाकीचे लिफ्टकडे गेल्यावर, तिने माझ्या दंडाला हात लावला होता. म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस रे. तुला माहीत नव्हतं ना, मग तू तरी काय करणार होतास."

मी मान हलवली आणि मागच्या सीटवरची चटई झटकायला लागलो.

हे इथे लिहून भागणार नाही. तिला मी अजून एक वाक्य देणं लागतो, आणि ते माझ्या तोंडूनच जायला हवं: मला माहीत होतं.